दुसऱ्याच्या हातातलं पिल्लू

दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी, सकाळी साडेनऊच्या ठोक्याला, टोफूवाले सुगिउरा दाइसाकु इसोगाईंच्या सलूनमध्ये यायचे, मधल्या खुर्चीत बसायचे, डोळे मिटायचे आणि गळा वर करायचे. वस्तरा असायचा तोकुएबाईंच्या हातात, आणि तोकुएबाई सुगिउरांशी गेली नऊ वर्षं एक अक्षर बोललेल्या नव्हत्या.

गावात दुसरं सलून नव्हतं असं नाही. स्टेशनपाशी एक होतं, तिथे गाणीही लागायची. पण सुगिउरा सांगत की इतकी गुळगुळीत दाढी अख्ख्या मिकावा प्रांतात दुसरं कोणी करत नाही, आणि तोकुएबाई सांगत की गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक, झाडाचा राग दाढीवर काढणाऱ्यातल्या आपण नव्हे. मग बोलणं अडायचं तेव्हा काय? तोकुएबाईंचे यजमान मासुओ कोपऱ्यात टॉवेल तापवायच्या पेटीशेजारी वर्तमानपत्र घेऊन बसलेले असत. तेही न्हावीच, पण मनगट दुखावल्यापासून हातातला वस्तरा सुटला होता आणि हे नवं काम गळ्यात पडलं होतं.

"अहो, तुमच्या मित्राला विचारा, कल्ले किती ठेवायचे."

"दाइसाकु, कल्ले किती ठेवायचे विचारतेय."

"नेहमीसारखे म्हणावं."

"नेहमीसारखे म्हणतोय."

दोन खुर्च्या आणि एक आरसा मावेल एवढ्या जागेत हा निरोपांचा कारभार नऊ वर्षं बिनबोभाट चालला होता. नवं गिऱ्हाईक आलं तर त्याला वाटे, दोघांपैकी कोणाला तरी ऐकू येत नसावं.

आता भांडणाचं मूळ. सलूनच्या दर्शनी काचेत, आरशांखाली, हात धुवायच्या बेसिनवर, जिथे म्हणून कुंडी टेकेल तिथे तोकुएबाईंचे बुटके पाम होते. एकूण चौतीस. गुडघ्याच्या वर एकही जात नाही. दांडा बांबूसारखा, पान ताडासारखं, बोटं पसरलेल्या पंजाएवढं. कुंड्या काळ्या, तीन पायांच्या, आत मातीऐवजी बारीक खडे. गिऱ्हाइकांचे गरम टॉवेल निवले की तोकुएबाई त्याच टॉवेलांनी पानं पुसायच्या, एकेक बोट वेगळं धरून. मंडळातले पुरुष याला नाकं मुरडत, पण पानांवर जी चमक यायची ती बघून घरी गुपचूप टॉवेल तापवत.

मंडळ म्हणजे मिकावा बुटके पाम मंडळ. एके काळी त्याचे अडीचशे सभासद होते. डॉक्टर, शाळामास्तर, कौलांचे कारखानदार, सगळे पुरुष. इश्शिकीच्या ईल माशांच्या तळ्यावर वाढलेली, सोळाव्या वर्षी कात्री हातात घेतलेली तोकुए त्यांत एकटी बाई. पहिल्या वर्षीच्या प्रदर्शनात तिला चहा ओतायला आलेली समजून सगळ्यांनी पेले पुढे केले. तिने सगळ्यांना चहा ओतला, आणि मग आपली कुंडी लाल कापडावर नेऊन ठेवली. ती त्या वर्षी दुसरी आली.

पण जी कुंडी जिवाची, ती बक्षिसातली नव्हतीच. सलून उघडलं तेव्हा वस्तरे विकणाऱ्या माणसाने एक साधा हिरवा पाम भेट दिला होता. छत्तीस वर्षं तो खुर्चीमागे मुकाट उभा राहिला. दहा वर्षांमागे एका वसंतात त्याच्या बुंध्याशी एक पिल्लू फुटलं, आणि त्याच्या पहिल्याच पानावर बारीक, सरळ, दुधासारखे पांढरे पट्टे होते. असे पट्टे ना कोणाकडे होते, ना मंडळाच्या वहीत. तोकुएबाईंनी ते शरदातल्या प्रदर्शनात नेलं. परीक्षक होते सुगिउरा. त्यांनी चष्मा वर केला, पान उलटंसुलटं केलं, आणि भर सभेत म्हणाले, "पट्टे कसले? ऊन लागलंय याला."

सभा हसली. तोकुएबाईंनी कुंडी उचलली, घरी आणली, आणि त्या दिवसापासून सुगिउरा हे नाव तोंडातून काढलं नाही. पुढच्या वर्षीची पानंही पट्टे घेऊनच आली. त्यापुढचीही. नाव तर केव्हाच ठरलं होतं: 'मिकावाची सकाळ'. फक्त ते मंडळाच्या वहीत चढायचं राहिलं होतं, आणि ते तोकुएबाईंच्याच स्वभावामुळे.

वहीचा नियम जुना आणि साधा. नवं नाव चढवायचं तर एकसारख्या पट्ट्यांची तीन झाडं हवीत, आणि त्यांतलं निदान एक मालकाने स्वतःच्या हाताने दुसऱ्या घरी दिलेलं हवं. हिवाळ्यात हीटर बंद पडतो, घराला आग लागते, माणूस जातो. एकाच घरात असलेली जात एका रात्रीत संपते. म्हणून विश्वासाच्या माणसाकडे एक पिल्लू ठेवायचं. आपलं मेलं तर मान खाली घालून त्याच्याकडे जायचं आणि त्याने मुकाट्याने परत द्यायचं. मंडळात सगळेच असं करत.

तोकुएबाई सोडून. तशा त्या हाताच्या सढळ. पावसात अडकलेल्याला छत्री देतील, सुतकातल्या माणसाची दाढी फुकट करतील, माहेरून ईल आले की शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटून मगच स्वतः खातील. पण पामचं पिल्लू मागितलं की त्यांना अचानक कमी ऐकू यायचं. एकदा त्यांनी मंडळाचे चिटणीस इनागाकी यांना विचारून पाहिलं, नवऱ्याला दिलं तर ते दुसऱ्या घरी दिलेलं धरता येईल का. इनागाकी जन्मभर पोस्टात होते. ते म्हणाले, "इसोगाईबाई, पत्ता एकच ना?" विषय संपला.

यंदाच्या एप्रिलमध्ये इनागाकींचं पत्र आलं. सभासद आता चौदा उरले, सगळ्यांत तरुण सदुसष्टचा. नोव्हेंबरचं प्रदर्शन शेवटचं. वही त्यानंतर बंद होऊन गावच्या वाचनालयात जाईल. कोणाला काही चढवायचं असेल तर आताच.

तोकुएबाईंनी पत्र आरशाच्या चौकटीत खोचलं आणि हिशेब मांडला. मूळ पट्टेवालं झाड एक. त्याचं मोठं पिल्लू हे दुसरं, तेही देखणं. आणि मुळाशी नुकतं फुटलेलं एक चिमुकलं, ज्यात हिरवं जवळजवळ नव्हतंच. नुसतं पांढरं, रेशमासारखं. तीन तर झाली! ठेवायला नागोयाची बहीण होती. तिने आजवर एकही झाड जिवंत ठेवलेलं नव्हतं, पण नियमात तसं कुठे लिहिलं होतं?

आता ही चूक फक्त पामवालाच करू शकतो. पांढऱ्या पिल्लाचा मोह. जितकं पांढरं तितकं सुंदर, आणि जितकं सुंदर तितकं बिनकामाचं, कारण झाड जेवतं ते पानातल्या हिरव्यावर. आईला चिकटून आहे तोवर आई भरवते. मंडळातला प्रत्येक जण हे जाणतो, आणि प्रत्येकाने आयुष्यात एकदा तरी असं पिल्लू तोडून वेगळ्या कुंडीत लावलेलं आहे. तोकुएबाईंनी मे महिन्यात लावलं.

जूनच्या पहिल्या गुरुवारी सुगिउरा खुर्चीत बसले आणि त्यांची नजर काचेतल्या नव्या कुंडीवर गेली. तोंडाला फेस लागलेला असताना ते कधी बोलत नसत. त्या दिवशी बोलले.

"मासुओ, तुझ्या बायकोला विचार, ते पांढरं पिल्लू कोणी तोडलं?"

"अगं, विचारतोय—"

"त्यांना सांगा, मी तोडलं. माझं आहे."

"सांग तिला, त्यात नखाएवढंही हिरवं नाही. जेवणार काय ते?"

"त्यांना सांगा, माझ्या घरात कोण काय जेवतं ते बघायला मी समर्थ आहे. आणि म्हणावं गाल हलवू नका, कापेल."

सुगिउरांनी गाल हलवला नाही. जाताना मात्र दारात थांबून त्यांनी त्या कुंडीकडे असं पाहिलं, जसं इस्पितळात दुसऱ्याच्या नातेवाइकाकडे बघतात.

पिल्लू ऑगस्टमध्ये गेलं. पितरांच्या सणाची सुट्टी होती, सलून बंद होतं. सकाळी तोकुएबाई खाली आल्या तर पानं करपून कागदासारखी गुंडाळली होती. त्या गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसल्या आणि ढसढसा रडल्या. पिल्लाचं दुःख होतंच. त्याहून जास्त याचं होतं की तो माणूस बरोबर होता आणि आपण चूक होतो, आणि आता 'मिकावाची सकाळ' हे नाव आपल्याबरोबरच जाणार.

"नोव्हेंबरला मी जाणार नाही," सप्टेंबरात एकदा मासुओ जेवत असताना त्यांनी सांगून टाकलं. "दोन झाडं घेऊन तिथे काय करायचं, चहा ओतायचा?"

मासुओंनी मिसोचं सूप खाली ठेवलं, वाडगा दोनदा फिरवला. "तोकुए, एक सांगायचंय. आधी हातातली सुरी ठेव."

"भोपळा चिरतेय मी."

"म्हणूनच."

मग ते बोलले. पट्टेवालं झाड दर वसंतात साधी हिरवी पिल्लंही टाकतं. ती जोमदार असतात, आईचं सगळं ओरपतात, म्हणून सगळेच ती तोडून टाकतात. तोकुएबाईही तोडायच्या आणि मासुओंकडे द्यायच्या, कचऱ्यात टाका म्हणून. आठ वर्षांपूर्वी कचऱ्याच्या दिवशी सुगिउरा कोपऱ्यावर भेटले. पिशवीकडे बघून म्हणाले, "ते मला दे." मासुओंनी दिलं. नंतरही देत राहिले. त्यांतल्याच एका हिरव्याने चार वर्षांपूर्वी पिल्लू टाकलं. पट्ट्यांचं. हुबेहूब.

तोकुएबाईंनी सुरी ठेवली नाही. "म्हणजे चार वर्षं त्या माणसाकडे माझं झाड आहे?"

"आहे."

"आणि तुम्ही दर महिन्याला इथे बसून मला कल्ले विचारत होतात?"

"तू कधी दुसरं काही विचारायला सांगितलंस का?"

"चोर!"

"अगं, कचरा कोणी चोरतं का?"

त्या रात्री भोपळा फारच बारीक चिरला गेला.

ऑक्टोबरच्या पहिल्या गुरुवारी सुगिउरा आले ते हातात कुंडी घेऊन. टोफू गाळायच्या पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेली. त्यांनी ती आरशापुढे ठेवली, गाठ सोडली आणि खुर्चीत बसून डोळे मिटले. एरवी ते आरामात मिटत, आज घट्ट मिटले.

तोकुएबाईंनी झाड पाहिलं. तेच पट्टे, तीच दुधाळ रेघ पानाच्या बोटाबोटातून. आणि वर आणखी काय, तर एकाही पानाचं टोक करपलेलं नाही. त्यांच्या स्वतःच्या मूळ झाडाची चार टोकं कात्रीने छाटलेली होती. याचा त्यांना जास्तच संताप आला.

"मासुओ, सांग तिला, हे तिचंच आहे. ठेवून घे म्हणावं. तीन होतील."

"त्यांना सांगा, मी दान घेत नाही."

"दान कसलं? सांग तिला, मी कोणाला दाखवलं नाही, कधी मिरवलं नाही, नाव ठेवलं नाही. नाव ठेवायचा हक्क तिचा."

तोकुएबाई फेस लावू लागल्या. ब्रश जरा जोरातच चालला. "विचारा त्यांना, मग उचललंच कशाला?"

मासुओ विचारायला लागले, पण सुगिउरा थांबले नाहीत. डोळे मिटलेलेच. "सांग तिला, दुसऱ्या वर्षीची पानं मी काचेतून पाहिली. तेव्हाच कळलं आपण चुकलो. पण सभेत बोललेलं परत कसं घ्यायचं ते मला जमलं नाही. मी टोफू करणारा माणूस, मला तेवढंच नीट येतं. म्हणून म्हटलं, निदान ते झाड मरू देऊ नये. हीटरची रात्रीची भीती असते ना. सांग तिला, आईला काही झालं असतं तर तिने मागायच्या आधी मी आणून दिलं असतं."

मासुओंनी यातलं काहीच पुढे सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

वस्तरा गळ्यापाशी थांबला, मग नेहमीसारखा हलका, सरळ खाली आला. तोकुएबाईंना गहिवरून आलं होतं, आणि गहिवर आला की त्यांना राग येई. दाढी झाली, गरम टॉवेल झाला, आणि त्या म्हणाल्या, "त्यांना सांगा, कुंडी विसरू नका." सुगिउरा कुंडी घेऊन गेले.

पुढचे चार आठवडे मासुओंनी बायकोची पाठ सोडली नाही. इनागाकींना त्यांनी विचारून ठेवलं होतं. सुगिउरांकडचं झाड तिसरं धरता येईल, मालकिणीने सभेपुढे एवढंच म्हणायचं की ते मी यांच्याकडे ठेवायला दिलं.

"एक शब्द आहे, तोकुए. 'दिलं.' तू वस्तरेवाल्याला 'पुन्हा या' म्हणतेस तेव्हा तरी कुठे खरं बोलतेस?"

तोकुएबाई हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. नोव्हेंबरात आपल्या दोन्ही कुंड्या मात्र टॉवेलात गुंडाळून त्यांनी गाडीत ठेवल्या.

समाजमंदिराच्या हॉलमध्ये चौदा म्हातारे आणि चाळीस कुंड्या. लांब टेबलांवर तेच लाल कापड, कडेला जरा विरलेलं. चहा या वेळी यंत्रातून येत होता. कोणीतरी चिकुवा, म्हणजे माशाच्या भाजलेल्या नळ्या, आणल्या होत्या, कोणीतरी लाल मिसो लावून भाजलेला टोफू. तो कोणी आणला हे विचारायला नको. सगळे मोठमोठ्याने बोलत होते, कारण शेवटचा दिवस आहे हे कोणालाच मनावर घ्यायचं नव्हतं.

बक्षिसं झाली. मग इनागाकींनी चष्मा पुसला, वही उघडली. शेवटचं पान अर्धं कोरं होतं.

"नवं नाव. 'मिकावाची सकाळ'. शोधणाऱ्या, इसोगाई तोकुए. झाडं पुढे आणा."

तीन कुंड्या लाल कापडावर शेजारी शेजारी आल्या. दोन तोकुएबाईंच्या, एक सुगिउरांची. सगळे उठून जवळ आले. पट्टे पाहिले, पानं उलटीसुलटी केली. कोणी हसलं नाही. एक कौलवाला म्हातारा नुसता "ओहो" म्हणाला आणि पुन्हा एकदा म्हणाला.

"एकसारखी आहेत," इनागाकी म्हणाले आणि लेखणी उचलली. "सुगिउरांकडचं झाड, इसोगाईबाई, तुम्ही त्यांच्याकडे स्वतःच्या हाताने दिलंत?"

सुगिउरा आपल्या बुटांकडे बघत होते.

"नाही," तोकुएबाई म्हणाल्या.

इनागाकींची लेखणी वहीवर टेकता टेकता थांबली.

"मी दिलं नाही. मी ते कचऱ्यात टाकलं होतं. माझ्या नवऱ्याने ते या माणसाला दिलं आणि याने ते जगवलं. माझ्याकडे राहिलं असतं तर मी ते जगवलंच नसतं, हिरवं म्हणून टाकलं असतं. तेव्हा ते याचं आहे, माझं नाही. माझ्या हातून त्याच्या घरात काहीही गेलेलं नाही."

"अहो बाई, टाकलेलं म्हणजे दिलेलंच की!" कौलवाला कळवळून म्हणाला.

"नाही," इनागाकी खिन्नपणे म्हणाले. जन्मभर त्यांनी पत्ता चुकलेली पाकिटं परत पाठवली होती. "दिलेलं म्हणजे दिलेलं." त्यांनी लेखणी खाली ठेवली.

मासुओंनी कपाळाला हात लावला. आणि तेवढ्यात तोकुएबाई टेबलाशी गेल्या. त्यांनी मोठं पिल्लू उचललं, मूळ झाडापेक्षाही देखणं असलेलं, जे त्यांनी सहा वर्षं रोज सकाळी पुसलं होतं. कुंडी पोटाशी धरून त्या क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. आपल्याकडे आता एकच उरणार, हे त्यांना पुरतं कळत होतं. डोळे भरून आले, आणि त्यांनी ते लपवलंही नाही. मग त्या चालत सुगिउरांपुढे गेल्या.

"आता देते," त्या म्हणाल्या. इनागाकींनी लेखणी पुन्हा उचलली आणि वहीत नाव चढवलं.

सुगिउरांनी दोन्ही हात पुढे केले. चाळीस वर्षं पाम वाढवलेले, वीस वर्षं दुसऱ्यांची पानं पारखलेले ते हात. कुंडी घेऊन ते कमरेत इतके वाकले की पानं त्यांच्या कपाळाला लागली. सरळ झाल्यावर त्यांनी मासुओंकडे पाहिलं नाही.

"याला पाणी कधी घालायचं?" त्यांनी विचारलं.

मासुओ सवयीने बायकोकडे वळले. "अगं, विचारतोय, पाणी—"

"ऐकलं मी," तोकुएबाई म्हणाल्या. त्यांनी बाहीने डोळे पुसले आणि सुगिउरांकडे बघितलं. "वरचे खडे सुकले की दुसऱ्या दिवशी सकाळी घाला. आणि काही अडलं तर मला विचारा, ह्यांना नको."